कारागिराचे नाव आणि बिलाची तारीख

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचे मनापासून अभिनंदन. आणि तुमच्याइतकेच तुमच्या आईवडिलांचे. शाहूवाडीपासून शिरोळपर्यंत आणि चंदगडपासून हातकणंगल्यापर्यंत किती घरांतली फी दूधबिलातून गेली आहे, ऊसबिल लांबले तेव्हा किती घरांत सोने गहाण पडले आहे, हे इथे बसलेल्या पालकांना सांगायला नको. बिल वेळेवर आले की मूल शिकते आणि अडकले की शिक्षण अडकते. आज मला बोलायचे आहे ते याच धाग्याने. विषय दिला आहे ‘उद्योगांची सामाजिक बांधिलकी’. मी शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला माणूस आहे. भट्टी, साचे आणि कास्टिंग यांत आयुष्य गेले, त्यामुळे आमच्या कोल्हापुरातल्या एका वस्तूपासून सुरुवात करतो.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. त्यात मॉडेलच्या पायांत दिसली ती आपली कोल्हापुरी चप्पल. अंगठा तोच, पट्टा तोच, घडण तीच. कंपनीने मात्र तिला चामड्याची सॅंडल एवढेच म्हटले होते. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. इथे संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाचे प्रमुख लोरेंझो बर्टेली यांनी उत्तरात मान्य केले की या सॅंडलमागे भारतीय हस्तकलेच्या पारंपरिक पादत्राणांची प्रेरणा आहे. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात आली, कारागिरांच्या घरी जाऊन बसली. डिसेंबरात महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळ यांच्याबरोबर करार झाला. दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, ते सुमारे ८०० युरोला विकायचे आणि कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे, असे ठरले.

या घटनेचा आपल्याला अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा. पण तुम्ही शिकलेली माणसे आहात, म्हणून जरा खोलात चला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे कायद्याचे कवच होते. तरीही या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका झाली ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक ती दोन महामंडळे आहेत आणि दाद मागायची तर त्यांनी मागायची. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कारागिराच्या हातात त्या क्षणी काय होते? ना वकील, ना मिलानचे तिकीट. त्याच्या बाजूने आवाज उठला म्हणून त्याचे नाव घेतले गेले.

कंपनीची नीतिमत्ता मोजायची माझी एकच रीत आहे. ज्याच्याकडे तुमच्यावर सक्ती करण्याची ताकद नाही, त्याच्याशी तुमचा व्यवहार कसा आहे? बँकेशी सगळे नीट वागतात, मोठ्या गिऱ्हाइकाशी त्याहून नीट वागतात. तिथे कसोटी लागत नाही.

आणि ही कसोटी फक्त इटलीच्या कंपनीला लावून भागणार नाही. कोल्हापूरच्या चप्पल लाईनला जाऊन बघा. रेक्झिनची, कारखान्यात ठोकलेली चप्पल ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ म्हणून आपल्याच गावात, आपलीच माणसे पर्यटकांच्या गळ्यात मारतात. खऱ्या चपलेचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना याची चीड आल्याशिवाय राहत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात चामडे कमावले जाते, त्यात दिवसामागून दिवस जातात. तळाचे चामडे दगडावर ठेवून हातोडीने ठोकून घट्ट करायचे, रापीने पायाच्या मापात कापायचे, कान बसवायचे, थर एकमेकांना जोडायचे ते चामड्याच्याच वादीने. खिळा वापरायचा नाही. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. मी एका घरात बसून ते पाहिले आहे. चामड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या बोटांत धरून ती बाई बोलता बोलता वेणी घालत होती, नजर माझ्याकडे आणि बोटे आपल्या कामात. एक पेड सैल पडला असे तिला बोटांनीच कळले. तिने ती वेणी तीन बोटे मागे उसवली आणि पुन्हा घातली. गिऱ्हाइकाला तो सैल पेड कधीही दिसला नसता. मजुरी मिळणार होती ती जोडावर, उसवलेल्या वेणीचे वेगळे पैसे कुणी देणार नव्हते.

८०० युरो म्हणजे ८० हजारांहून जास्त रुपये. त्यातले त्या बोटांपर्यंत किती पोचतात, हा प्रश्न प्राडाला विचारायचा. दुकानात दीड-दोन हजारांना जोड विकणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यालाही तोच प्रश्न विचारायचा. उद्या तुमच्यापैकी कोणी ऑनलाइन ब्रँड काढेल, त्याने तो स्वतःला विचारायचा.

ताकद नसलेल्याशी व्यवहार कसा करायचा, याचे उत्तर या गावाला शंभर वर्षांपूर्वी एका राजाने दाखवून दिले आहे. गंगाराम कांबळे हे दरबारच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहूंनी त्यांना भांडवल देऊन हॉटेल काढायला लावले. त्या काळात दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः आले. भाऊसिंगजी रस्त्यावर गाडी थांबवून त्यांनी गंगारामांचा चहा घेतला आणि बरोबरच्या लोकांनाही घ्यायला लावला. १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम काढणारा, शाहूपुरीची बाजारपेठ वसवणारा, राधानगरीचे धरण बांधायला घेणारा हा राजा. मनात आणले असते तर गंगारामांना दरमहा तनखा लावून मोकळा झाला असता. त्याने गिऱ्हाईक होणे पसंत केले, तेही भर रस्त्यात, चार लोकांच्या देखत. माणसाला धंद्यात उभे करायचे तर त्याच्याशी धंदा करावा लागतो, हे शाहू महाराजांना जितके समजले होते तितके आजच्या कित्येक कंपन्यांना समजलेले नाही.

आजची पद्धत काय आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. या पैशांतून शाळांच्या खोल्या झाल्या, दवाखान्यांना यंत्रे मिळाली. हे चांगले काम आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण त्याच नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे : कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम यात धरले जाणार नाही. बरोबर आहे, कारण नाहीतर कंपन्यांनी जाहिरातीचा खर्चही यात घातला असता. परिणाम मात्र असा झाला की सामाजिक जबाबदारी म्हणजे धंद्याच्या बाहेर करायचे काहीतरी, नफा झाल्यावर दोन टक्क्यांत संपणारे, असा समज घट्ट बसला. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे काय, ते कोणी विचारत नाही. आणि नफा हातात येण्याआधी जे काही घडले त्याचे काय?

आमच्या धंद्यातले सांगतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथली शेकडो छोटी युनिट मोठ्या कंपन्यांना कास्टिंग आणि मशिनिंगचा माल देतात. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत द्या. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांच्या आत लेखी करायची. २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही.

कायदा चांगला आहे. आता तो कसा चुकवतात ते ऐका, कारण चुकवणाऱ्या टेबलावर उद्या तुम्ही बसणार आहात. माल गेटमधून आत जातो, पण संगणकात त्याची आवक आठ-दहा दिवसांनी चढवली जाते. पंचेचाळीस दिवस तिथून मोजायचे. कास्टिंग महिनाभर त्यांच्या लाइनवर चालतात, गाड्यांत बसून बाजारात जातात आणि बिल मागितले की रिजेक्शन निघते, डेबिट नोट येते. एका मोठ्या कंपनीकडे आमचे बिल ऐन दिवाळीच्या तोंडावर असेच अडकले होते. तिथले साहेब वाईट माणूस नव्हते. प्रत्येक वेळी चहा पाजायचे, पुढच्या आठवड्याचे बोलायचे. इकडे साचे मारणारी माझी माणसे बोनसची वाट बघत होती. त्याच वर्षी त्या कंपनीने गावात एका शाळेला संगणक दिले आणि समारंभाचे निमंत्रण मलाही आले. शाळेची पोरे खूश होती, त्यांचा आनंद खरा होता. पण साचे मारणाऱ्याच्या मुलाचे दिवाळीचे कपडे त्या संगणकांनी आले नाहीत.

पुरवठादार तक्रार का करत नाही? सरकारने ऑनलाइन तक्रारीची सोय केली आहे, कायदा पाठीशी आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद होते, म्हणून तो गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ सगळे ठीक चालले आहे असा लावणाऱ्या व्यवस्थापकाला मी कार्यक्षम म्हणणार नाही.

उसाचेही तेच. नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाही तर वार्षिक १५ टक्के व्याज. इतके स्पष्ट लिहिलेले असूनही या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना दर हंगामात रस्त्यावर उतरावे लागले आहे. नदीबद्दल मी थोडेच बोलतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण पंचगंगेच्या काठावरचे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली, ते विसरू नका. नदीकाठच्या खालच्या गावाकडेही सक्ती करण्याची ताकद नसते. सांडपाणी शुद्धीकरणाचा पंप रात्री बंद ठेवून विजेचे बिल वाचवणारा माणूस हिशेबात हुशार ठरतो आणि त्याची किंमत शिरोळ तालुक्यातले कोणी तरी भरते.

तुमच्यातले काही खरेदी विभागात जातील, काही लेखा विभागात, काही गुणवत्ता तपासणीला, काही स्वतःचा धंदा काढतील. मालक व्हायला वेळ लागेल, पण मालाची आवक कोणत्या तारखेला चढवायची हे पहिल्याच महिन्यात तुमच्या हातात असेल. खरी तारीख टाका. वरिष्ठ दुसरी टाकायला सांगतील, तेव्हा कायद्यातले ४५ दिवस आणि चक्रवाढ व्याज त्यांच्यापुढे कागदावर मांडा. कंपनीचे नुकसान दिसले की पुष्कळ लोक ऐकतात. नाही ऐकले तर ती नोकरी तुमच्या पदवीच्या लायकीची आहे का, याचा विचार करा. माल खराब असेल तर लगेच, लेखी सांगा. चांगला असेल तर करणाऱ्याचे नाव घ्या, आपल्या साइटवर आणि पाकिटावर छापा. आणि पहिल्या पगारातून कोल्हापुरी घ्यायची असेल तर सुभाषनगरात कारागिराच्या घरी जा, त्याचे नाव विचारा, सांगेल ती किंमत द्या.