उद्योग तिचा, नावही तिचे

(सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



पापड, मसाले, शिवणकाम, खानावळ हे उद्योग आपल्याकडे स्त्रिया वर्षानुवर्षे चालवीत आल्या आहेत. त्यांच्या कष्टांत कधीच उणीव नव्हती. उणीव होती ती भांडवलाची. म्हणूनच 1975 या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात राज्य शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. 1992 मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. 2015 पासून मुद्रा योजनेखाली लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळू लागले.

2008 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेसाठी प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान व स्वतःचा वाटा केवळ 5 टक्के, असे प्रमाण ठरविण्यात आले. मात्र हे अनुदान रोख हाती पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जाच्या हिशेबात जमा होते. अर्जदार महिलेला हे आधीच समजावून सांगितले पाहिजे.

मुद्रा योजनेची निम्म्याहून अधिक कर्जखाती महिलांची आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कर्ज तिच्या नावावर आणि व्यवहार दुसऱ्याच्या हाती असेल, तर हप्त्यांचा भार तेवढा तिच्या वाट्याला येतो. याउलट, उद्योग ती चालविते पण जागा व परवाना पतीच्या नावे असेल, तर कागदोपत्री ती उद्योजक ठरतच नाही. योजनेचे यश या दोन अडचणी दूर होण्यावर अवलंबून आहे.

येथे आपले साहाय्य मोलाचे आहे. 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे; ती तिच्याच नावे व्हावी. ग्रामपंचायतीने घराच्या नोंदीत, नमुना 8 मध्ये, पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे. शिक्षकांनी तिला जमाखर्चाची वही लिहावयास शिकवावे. अधिकाऱ्यांनी प्रस्तावातील सर्व त्रुटी एकाच वेळी व लेखी कळवाव्यात. तालुक्याच्या प्रत्येक खेपेला तिची एक दिवसाची कमाई बुडते.

किती कर्जे वाटली, याबरोबरच तीन वर्षांनी किती उद्योग तिच्या हाती चालू राहिले, हेही आपण मोजू या.