विहिरीतलं हरीण वर काढायचं कसं?

नाशिक रोडवरून बोलतोय. मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, आमच्याकडे शांतता वेळापत्रकाप्रमाणे मिळते.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. तो म्हणतो, "दादा, यूट्यूबवर अमेरिकेतले लोक मारलेलं हरीण जंगलातून बाहेर आणताना दिसतात. कोणी दोरीने ओढतो, कोणी दोन चाकांच्या गाड्यावर टाकतो. आपल्याकडे हरीण बाहेर काढायची वेळ आली तर कसं काढतात?"

प्रश्न भारी आहे. आधी तिकडचं थोडक्यात सांगतो. तिकडे ठरलेल्या मोसमात, परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते. मारलेलं जनावर शिंगाला दोर बांधून ओढतात, बर्फ असेल तर प्लास्टिकच्या घसरगाडीवर ठेवतात, डोंगर फार असेल तर तिथेच तुकडे करून पाठीवरच्या सांगाड्यावर वाहतात. स्कॉटलंडच्या डोंगरात तर यासाठी खास तट्टं वापरायची पद्धत आहे. त्यांची सगळी घाई मांसासाठी. ते लवकर थंड झालं पाहिजे, नाहीतर खराब होतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला. आपल्या जिल्ह्यातलं हरीण म्हणजे मुख्यतः काळवीट, आणि ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्याच्या पंक्तीत. शिकार केली तर किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कायद्यात 'शिकार' या शब्दात फक्त मारणं येत नाही. पकडणं, फासे लावणं, हाकत नेणं हेही त्यातच येतं. म्हणजे मजा म्हणून बाईकवरून हरणामागे लागणारे आणि त्याची रील टाकणारे जे आहेत ना, त्यांनी स्वतःच्या हाताने पुरावा अपलोड केलेला असतो.

(शास्त्राप्रमाणे काळवीट हे हरीण नाहीच, ते कुरंग. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची गळत नाहीत. पण गावात सगळे हरीणच म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

मग आपल्याकडे हरीण 'बाहेर काढायची' वेळ कुठे येते? विहिरीत.

नाशिक रोडहून निफाड, विंचूर करत येवल्याला गेलात आणि तिथून पूर्वेला वळलात, की ममदापूर-राजापूरचा पट्टा लागतो. ममदापूरचं क्षेत्र काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलेलं आहे. गोदावरी आणि द्राक्षबागांचा नाशिक तुम्ही पाहिला असेल, हा त्याचा कोरडा भाऊ. उघडं माळरान, ज्वारी-बाजरी-कांद्याची शेती, आणि उन्हाळ्यात माणसालाच टँकरची वाट बघावी लागते तिथे जनावराचं काय. वन विभाग पाणवठे भरतो. तरी हरणं पाण्यासाठी शेतात, वस्तीजवळ येतात. कुत्री मागे लागतात. अंधारात जीव घेऊन पळणाऱ्या हरणाला समोर जमिनीच्या पातळीतली, कठडा नसलेली विहीर दिसत नाही.

मी काही जनावरं पकडणारा तज्ज्ञ नाही. मी दोर धरणारा माणूस. वनरक्षक, डॉक्टर हे खरं काम करतात, आम्ही स्वयंसेवक गर्दी मागे सारतो, गाडी लावतो आणि सांगतील तेव्हा ओढतो. पण दोर धरणाऱ्याला बरंच दिसतं.

एकदा बुद्ध पौर्णिमेच्या रात्रीच्या प्राणीगणनेसाठी त्या भागात गेलो होतो. चांदण्यात पाणवठ्यावर बसून कोण कोण येतं ते मोजायचं. सकाळी परत निघणार तेवढ्यात वनरक्षकांना फोन आला, विहिरीत हरीण आहे. गेलो. पंचेचाळीसेक फूट खोल विहीर, तळाला गुडघाभर पाणी, आणि त्यात एक मादी. काठावर पन्नासएक माणसं, प्रत्येक जण वाकून बघतोय. कोणी ओरडलं की ती समोरच्या दगडी भिंतीवर उडी घ्यायची आणि आपटून खाली पडायची. नाकातून रक्त येत होतं.

वनरक्षकांनी पहिलं काम काय केलं असेल? दोर काढला नाही. सगळ्यांना काठापासून वीस पावलं मागे नेलं आणि बसवलं. "उभा राहणारा दिसला तर त्यालाच खाली सोडीन," म्हणाले. दहा मिनिटं कोणी काही केलं नाही. खाली मादी भिंतीला टेकून उभी राहिली, उड्या थांबल्या. ती दहा मिनिटं म्हणजे निम्मं काम.

बिबट्या विहिरीत पडला तर पद्धत वेगळी असते. बाजेच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधून ती खाली सोडतात, बिबट्या स्वतःच तिच्यावर चढून बसतो, दम खातो, मग पिंजरा सोडतात. हरीण बाजेवर चढत नाही. वरून येणारी कुठलीही वस्तू त्याच्यासाठी शत्रूच. म्हणून माणसाला उतरावं लागतं.

उतरणारा एकटा, कमरेला आणि मांड्यांना पट्टा, त्याचा दोर वेगळा. हे फार महत्त्वाचं: माणसाचा दोर आणि जनावराचा दोर कधीही एक नसतो. त्याच्या खांद्यावर घोंगडी होती. ती एका आबांनी स्वतःच्या अंगावरची काढून दिली. म्हणाले, "पोतं नको, पोतं आवाज करतं. घोंगडी टाका, अंधार होतो अन् ऊबही राहते." डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आबांचं बरोबर होतं. डोळे झाकले की हरीण निम्मं शांत होतं.

उतरणारा मागून गेला, घोंगडी डोक्यावरून टाकली आणि तिला छातीशी धरलं. समोरून जायचं नाही. काळविटाचे खूर धारदार असतात, आणि नर असला तर पीळदार शिंगं पोटात जातील. शिंग धरावं लागलंच तर बुडाशी, डोकं स्थिर ठेवण्यापुरतं. शिंगाला दोर बांधून वर ओढायचं तर नावच नको. मान गेलीच समजा.

मग झोळी. ताडपत्रीची, चार कोपऱ्यांना दोर, वर येऊन एका कडीत. पाय मऊ फडक्याने सैल बांधले, पोटाखाली दुमडून. जनावर बसल्यासारखं असलं पाहिजे, छातीवर, डोकं वर. पाठीवर उताणं टाकलं तर मरू शकतं. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. उताणं झालं की पोटात वायू साठतो, पोटातलं वर येतं आणि श्वासनलिकेत जातं. ते जुने फोटो असतात ना, बांबूला चार पाय बांधून उलटं लटकवलेलं हरीण आणि दोन्ही टोकांना माणसं? ती मेलेल्या जनावराची पद्धत. जिवंत हरीण तसं नेणं म्हणजे त्याला मेलेलं करणं. सिनेमातल्यासारखं मानेभोवती खांद्यावर टाकून नेणंही तसंच, सगळं वजन पोटावर येतं, श्वास कोंडतो.

आता ओढायचं. वजन म्हणाल तर काही विशेष नाही. काळवीट तीस ते पंचेचाळीस किलोचं, सिमेंटच्या गोणीपेक्षा हलकं. लोकांना वाटतं की आठ जण लावून झटक्यात वर घेऊ. झटकाच नको असतो. एक तरुण म्हणाला, "ट्रॅक्टर लावू, दोन मिनिटांत वर येईल." ट्रॅक्टरला कुठे कळतं झोळी भिंतीच्या दगडाला अडकली ते? हाताला कळतं. ट्रॅक्टर आम्ही वापरला, पण फक्त दोराचं टोक बांधायला खुंटा म्हणून. काठावर दोर घासून तुटू नये म्हणून जुन्या टायरचा तुकडा ठेवला. चार जण दोरावर, एक जण पालथा पडून खाली बघत खुणा करणारा. बोलायचं नाही. हात वर म्हणजे ओढा, मूठ म्हणजे थांबा.

पूर्वी हे सोपं असणार. मोटेची विहीर असायची, वर चाक, जाडजूड नाडा, आणि मागे मागे चालून अलगद दोर सोडणारे बैल. आता चाक गेलं, मोटर आली, आणि मोटरीने फक्त पाणी वर येतं.

वर आल्यावर लोकांना वाटतं, झालं काम. टाळ्या वाजतात, मोबाइल निघतात. माझ्या मते सगळ्यात धोक्याची वेळ हीच. इथे एक शब्द लक्षात ठेवा: कॅप्चर मायोपथी. हरीण हे थोडा वेळ जीव तोडून पळायला बनलेलं जनावर आहे, ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने. पण भीती संपतच नाही, पळणं किंवा झटापट थांबतच नाही, तेव्हा स्नायूंमध्ये आम्ल साठतं, अंगाचं तापमान चढतं, स्नायू आतून मोडायला लागतात. मोडलेल्या स्नायूंमधला घटक रक्तातून मूत्रपिंडात जातो, ते निकामी होतं. लघवी गडद, चहासारखी होते. आणि हे लगेच दिसतंच असं नाही. हरीण उभं राहतं, चालतं, आणि कधी काही तासांनी तर कधी काही दिवसांनी मरतं.

त्या मादीला वर आणल्यापासून सोडेपर्यंत मोजून बारा मिनिटं लागली. डॉक्टरांनी पाय बघितले, नाकाची जखम धुतली, एक इंजेक्शन दिलं. पाणी तोंडात ओतायला एक काकू तांब्या घेऊन आल्या होत्या, त्यांना हात जोडून थांबवलं. घाबरलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं. मग दोन बांबू, खालच्या कोपऱ्यांना भोकं पाडलेली दोन बारदानं त्यात ओवली, झालं स्ट्रेचर. बांधाच्या पलीकडे, माणसं नसलेल्या बाजूला नेलं. आधी पाय सोडले, सगळ्यात शेवटी घोंगडी. ती दोन क्षण तशीच बसली. मग उठली आणि गेली. मागे वळून वगैरे बघितलं नाही.

दुसऱ्या एका वेळी नर होता. आम्ही पोचायच्या आधी गावातल्या पोरांनी तीन तास त्याला पकडायचा प्रयत्न केला होता. हेतू चांगला होता हं, अगदी मनापासून. पण दोराचे फास टाकणं, दगड मारून एका कोपऱ्यात हाकलणं, आरडाओरडा. त्याला वर काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली, अंगावर एक ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मेला. पोरं विचारत राहिली, "जखम तर नव्हती ना?" त्यांना वरचं सगळं समजावून सांगताना डॉक्टरांचा आवाज फार हळू झाला होता.

म्हणूनच हरीण पकडून लांब न्यायचं असतं तेव्हा शक्यतो हातच लावत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात शाजापूरकडे शेतात शिरणारी काळविटं हलवली, तेव्हा हेलिकॉप्टरने हळूहळू हाकत त्यांना नरसाळ्यासारख्या कुंपणात आणलं आणि तिथून थेट गाडीत. याला बोमा पद्धत म्हणतात, आफ्रिकेतून आलेली. भिंती कापडाच्या, अपारदर्शक, म्हणजे पलीकडचं दिसत नाही आणि जनावर धडका मारत नाही. आबांची घोंगडी आणि बोमाचं कापड, कल्पना एकच.

आता मेलेल्या हरणाबद्दल, कारण तेही विचारलंय. रस्त्यावर गाडीची धडक बसून मरतात, कुत्र्यांनी फाडलेली सापडतात. तेव्हा गर्दीत हमखास एक आवाज येतो: "मेलंच आहे, मग वाया कशाला?" मंडळी, मेलेला वन्यप्राणी ही कायद्याने सरकारची मालमत्ता आहे. ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याला कळवावं लागतं. शिंगंसुद्धा घरी न्यायची नाहीत. ओढून बाजूलाही करू नका. कसं पडलंय, रक्त कुठे आहे, गोळी आहे की फासाचा व्रण, हे सगळं पंचनाम्यात लागतं. मग शवविच्छेदन, आणि अधिकाऱ्यांसमोर दहन. तुमचं काम एवढंच की मागून येणाऱ्या गाड्यांना लांबून इशारा द्या आणि फोन करा.

फोन कुठे? १९२६. वन विभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन, टोल फ्री. आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो. फोनवर तीन गोष्टी सांगा: विहिरीत पाणी किती आहे, जनावर पोहतंय की उभं आहे, आणि गाडी कुठपर्यंत येते. "हरीण पडलंय, लवकर या" एवढ्यावरून त्यांना दोर किती फुटांचा घ्यायचा ते कळत नाही. आणि लोकेशन पाठवा, "पाटलांच्या मळ्याजवळ" सांगू नका. येवल्यात पाटलांचे मळे किती आहेत?

ते येईपर्यंत काठावरून माणसं हटवा, कुत्री बांधा, बस. जानेवारी २०१९ मध्ये आपल्याच शहरात, सावरकरनगरला बिबट्या शिरला होता तेव्हा बघ्यांच्या गर्दीतले लोक जखमी झाले. बिबट्या उलटून येतो म्हणून तिथे निदान भीती तरी वाटते. हरीण काही करत नाही, म्हणून लोक अजून पुढे सरकतात.

शेतकरी मित्रांना एक. कठडा बांधायला पैसे नसतील तर विहिरीभोवती काटेरी फांद्यांचं दाट कुंपण तरी घाला, तीनेक फूट उंच आणि काठापासून थोडं लांब. अगदी काठावर घातलं तर हरीण त्यावरून उडी मारेल आणि थेट आत जाईल.

पुढच्या भागात ऊसतोडीत सापडणारी बिबट्याची पिल्लं, आणि त्यांना रात्री टोपलीत ठेवून आईची वाट कशी बघतात ते. तुमच्या गावात असं झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. एका मिनिटाच्या आत आवरा, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. ऐकली मी सगळी. चला, भेटू.