बाबांच्या पिकअपचा आवाज

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." त्यावर हल्ली सगळेच बोलतात. मी आज सायलेन्सरवर बोलणार आहे. हसू नका. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना आमची पिकअप दिसण्याआधी ऐकू यायची.

टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप बाजारात आणली. चार सिलिंडरचं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन. काही वर्षांनी बाबांनी एक वापरलेली घेतली. भिवंडीतल्या लूमवरून ग्रे कापडाचे तागे भरायचे आणि कोनमधून, दुर्गाडीच्या पुलावरून कल्याणकडे निघायचं, हा त्यांचा रोजचा रस्ता. शाळेजवळून गाडी गेली की गणिताचे सर खडू हवेत धरून थांबायचे. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "आली हिच्या बाबांची आगगाडी." कोण ते मला माहीत आहे. तो आज पहिल्या रांगेत बसलाय.

आठवीत असताना मी बाबांना म्हटलं, "मला नाक्यावरच सोडत जा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर सोडायला लागले.

याच्या पुढचं मला मागच्या मेळाव्यात आपल्या मराठीच्या बाईंकडून कळलं. त्या म्हणाल्या, "तुझे वडील शाळा भरलेली असताना कुंपणाच्या अलीकडे इंजिन बंद करायचे आणि गाडी नुसती घरंगळत न्यायचे. आम्हाला वाटायचं, गाडी बंद पडली. एकदा शिपाईमामा ढकलायला धावले, तेव्हा खरं कळलं." इंजिन बंद केलं की ब्रेक जड होतो, हे गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. तरी ते तसं करत राहिले, आणि घरी कधी बोलले नाहीत. आज नियमाने शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतात. हा नियम २००० साली आला. बाबांनी तो आधीच पाळला होता, माझ्यामुळे.

आता तीच पिकअप माझा भाऊ चालवतो. पहाटे पाचला निघावं लागतं. आजूबाजूला इमारती झाल्या, तक्रारी सुरू झाल्या. आई म्हणाली, "द्या भंगारात." बाबा गप्प बसले आणि जेवण अर्धवट टाकून उठले. मी म्हटलं, मला दोन महिने द्या. बाबांनी एकच अट घातली. "आवाज कमी कर, पण ओढ कमी झाली तर गाडी दारात आणू नकोस."

आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी मान हलवली. "ताई, आवाज दाबला की गाडी दमते." ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. म्हणून तर पोरं मोटारसायकलचे सायलेन्सर काढून फिरतात. समजुतीत थोडं तथ्य आहे. धूर बाहेर जायला अडथळा झाला की इंजिनाला तो ढकलण्यात ताकद घालवावी लागते. पण धूर बाहेर जाणं आणि आवाज बाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर हा वाहता प्रवाह आहे, आवाज म्हणजे त्या प्रवाहावर बसणारे ठोके. प्रवाह जाऊ द्यायचा आणि ठोके अडवायचे, एवढंच काम.

आधी मोजायचं ठरवलं. सायलेन्सरच्या अलीकडे पाइपला भोक पाडून नट वेल्ड केला, तांब्याची नळी जोडली आणि तिच्या टोकाला गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक, तेवढा उलटा दाब. कसारा घाटात आठशे किलो माल घालून तिसऱ्या गिअरमध्ये चढताना ६२ सेंटिमीटर फरक दिसला. मी शेजारी बसून नळी धरली होती आणि भाऊ म्हणत होता, "इंजिनिअरिंगला घातलं ते यासाठी!"

सायलेन्सर कापला तेव्हा उलगडा झाला. आतले पडदे सुटून आडवे पडले होते, नळ्या काजळीने निम्म्या बुजल्या होत्या आणि पत्र्याला बाहेरून गंजून भोकं पडली होती. म्हणजे गाडी ओरडतही होती आणि गुदमरतही होती. मोठा आवाज ही ताकदीची खूण मानून आम्ही इतकी वर्षं आजारी गाडी चालवत होतो.

मग क्रमाने गेलो. पहिल्यांदा गळती. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत होतं, ते बदललं. पाइप लटकवायचे रबर तुटल्यामुळे तो चॅसीवर आपटत होता, ते नवे लावले. एवढ्यानेच खडखडाट गेला. दुसऱ्यांदा सायलेन्सर. मूळ मापाच्या व्यासाची जाळीची सरळ नळी, तिच्याभोवती ग्लासवूल आणि वरून डबा. धूर सरळ निघून जातो, कर्कश आवाज जाळीतून ग्लासवूलमध्ये शिरून तिथेच विरतो.

पण रस्त्यावर साठच्या वेगाला केबिनमध्ये जो घुमारा बसायचा, तो तसाच राहिला. जाड, खालच्या पट्टीतला आवाज ग्लासवूलला दाद देत नाही. इथे मला आपले विज्ञानाचे सर आठवले. त्यांनी बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून तोंडावर फुंकर मारायला लावली होती. बाटलीतली हवेची उंची बदलली की सूर बदलतो. सर, तुमच्या त्या बाटल्या मी तीस वर्षांनी गाडीखाली बसवल्या.

हिशेब असा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोके पडतात. साठच्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला साधारण २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ८० ठोके. फोनवर आवाज रेकॉर्ड करून आलेख काढला, तर बरोबर ८० हर्ट्झला सुळका. आता मुख्य पाइपला एक बंद टोकाची बगल-नळी जोडायची. तिची लांबी ध्वनिलहरीच्या एक चतुर्थांश ठेवली, तर आत गेलेली लहर बंद टोकावरून परत येईपर्यंत अर्धी लाट मागे पडते आणि समोरून येणाऱ्या ठोक्याला उलटी भेटते. दोघी एकमेकींना खातात. धूर या नळीतून वाहतच नाही, त्यामुळे अडथळा शून्य. सुमारे दोनशे अंश गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ४३५ मीटरच्या आसपास. भागिले ८०, भागिले ४. उत्तर १.३६ मीटर.

पहिल्या प्रयत्नात मी ती नळी शेपटीच्या टोकाशी जोडली आणि काहीच फरक पडला नाही. उस्ताद मिशीत हसले. चूक माझी होती. उघड्या तोंडाशी ध्वनीचा दाब जवळजवळ नसतोच, मग नळी खोडणार काय? ती सायलेन्सरच्या जवळ घेतली, चॅसीलगत वळवली आणि बंद टोक सरकतं ठेवून मागेपुढे करत गेलो. सव्वा मीटरच्या थोडं पुढे घुमारा अचानक गेला. भाऊ म्हणाला, "बंद पडली की काय?"

पुन्हा कसारा घाट. तेवढाच माल, तोच गिअर. पाणी ६२ वरून ४४ वर आलेलं. चढायला लागलेला वेळ आधीपेक्षा थोडा कमीच. केबिनमधला आवाज त्याच फोनवर ९ डेसिबलने उतरला, म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा. उस्तादांनी नळीवर टिचकी मारली आणि विचारलं, "अजून एक बनवून द्याल? माझ्या एका गिऱ्हाइकाला."

बाबा तरुणपणी लूमवर होते. त्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि कानाला काही लावायची पद्धत नव्हती. आज त्यांना फार कमी ऐकू येतं. गाडी दारात आणली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्यांच्यासाठी हे केलं, त्यांना फरक कळणारच नाही. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि खूण केली, "रेस दे." भावाने दिली. बराच वेळ ते हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "ओढ आहे."

आज सकाळी मी तीच गाडी चालवत इथे आले. नाक्यावर थांबले नाही. बाबा शेजारी होते. इंजिन चालू ठेवून आम्ही फाटकापर्यंत आलो, आणि पहिल्या रांगेतल्या त्या माणसानेसुद्धा मागे वळून पाहिलं नाही.

बाबा मागच्या बाजूला बसलेत. जाताना त्यांना भेटा. जरा मोठ्याने बोला.