आईने टाकलेली पिले जगवा

(ग्रामीण महिलांच्या कुक्कुटपालन प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



धानाची कापणी आटोपून मळणी झाली की आपल्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी कोंबडी अंड्यांवर बसविण्याची तयारी सुरू होते. खळ्यावर दाणे सांडलेले असतात, घरात कनकी आणि कोंडा असतो, हाताला थोडी उसंतही असते. मोहाडी असो, पवनी असो की लाखांदूर, टोपलीत तणीस अंथरून त्यावर दहा-बारा अंडी मांडायची आणि खुडूक कोंबडी बसवायची, ही रीत तुम्हाला मी सांगायला नको. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. पण नेमके त्याच सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, आपल्याकडे रात्रीचा गारठा कडक असतो.

अशा वेळी काय घडते ते आठवून पाहा. सहा-सात पिले अगोदर निघतात. कोंबडी त्यांना घेऊन टोपलीबाहेर पडते. मागे दोन ओली पिले आणि टवका उडालेली तीन अंडी राहतात. कधी कोंबडी एखाद्या पिलाला जवळच येऊ देत नाही, डोक्यावर टोचून बाजूला सारते. घरातली मोठी माणसे म्हणतात, “आईनेच टाकले, आता ते काय जगणार!” आणि पिले तशीच राहतात. संध्याकाळपर्यंत ती मरतात.

कोंबडीचा पैसा हा बहुतेक घरांत बाईच्या हातातला पैसा असतो. मुलांच्या वह्या, आजारपणात दवाखान्याचा खर्च, सणाची साडीचोळी त्यातून निघते. पाच पिले गेली म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांनी विकायच्या पाच कोंबड्या गेल्या. म्हणून आज एकच गोष्ट मनात पक्की करून घ्या. टाकलेले पिलू पहिल्या दिवशी भुकेने मरत नाही, ते थंडीने मरते. त्याला आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर दाणा द्यायचा. हा क्रम चुकला की श्रम वाया जातात.

कोंबडी पिले का टाकते?

कोंबडीला दोष देऊ नका. पहिली पिले निघाल्यावर ती एक-दोन दिवस टोपलीत थांबते, मग चालत्या पिलांना दाणा दाखविण्यासाठी बाहेर पडते. मागे राहिलेली अंडी बहुधा उशिरा ठेवलेली असतात. आपण आज चार, परवा तीन अशी अंडी तिच्याखाली सरकवतो, त्याचे हे फळ आहे. अंडी थंड जागी साठवावीत, शक्यतो सात-आठ दिवसांपेक्षा जुनी होऊ देऊ नयेत आणि सगळी एकाच संध्याकाळी कोंबडीखाली ठेवावीत.

दुसरे कारण म्हणजे उवा-पिसवा. अंगात खाज असेल तर कोंबडी स्वस्थ बसत नाही. तिसरे कारण उपासमार. एकवीस दिवस ती फार थोडे खाते. टोपलीजवळ दाणा-पाणी नसेल तर ती खंगते आणि पिले सोडून निघून जाते. पहिल्यांदाच बसलेली तलंग आणि वर्दळीच्या जागी ठेवलेली टोपली ही आणखी दोन कारणे होत.

याशिवाय ज्यांना आई नसतेच अशी पिलेही आता पुष्कळ घरी येतात. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज या सुधारित जातींची पिले यंत्रातून निघतात. या कोंबड्याही सहसा खुडूक बसत नाहीत. तेव्हा आज सांगितलेले त्या पिलांनाही लागू आहे.

आधी दुसरी आई शोधा

माणसाने कितीही केले तरी कोंबडीच्या पंखाची सर येत नाही. म्हणून आधी शेजारीपाजारी चौकशी करा. कोणाकडे नुकतीच पिले निघालेली कोंबडी असेल तर टाकलेली पिले तिच्याकडे द्या. हे काम रात्री अंधारात करायचे. कोंबडी झोपेत असताना एकेक पिलू हळूच तिच्या पंखाखाली सरकवावे. रात्रभर अंगाला अंग लागले की सकाळी ती त्याला आपले म्हणते. दोघांची पिले एकाच वयाची, दोन-तीन दिवसांच्या आतली असावीत आणि एकूण पिले तिच्या पंखाखाली मावतील एवढीच, म्हणजे दहा-बारा असावीत. सकाळी जवळ बसून अर्धा तास पाहा. टोचू लागली तर पिलू लगेच काढून घ्या.

टवका उडालेल्या अंड्याचे काय?

टवका उडाल्यापासून पिलू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. अंडे कानाशी धरा. आत टकटक किंवा बारीक चिवचिव ऐकू आली तर पिलू जिवंत आहे. ते कोमट, किंचित ओलसर फडक्यात ठेवून उबेच्या जागी ठेवा. घाईने कवच सोलू नका. शेवटच्या तासांत पातळ पापुद्र्यातले रक्त आणि उरलेले पिवळे बलक पिलाच्या पोटात ओढले जात असते. आपण सोलले तर रक्त वाहते आणि पिलू जाते.

थंड पडलेले पिलू

पिलू हाताला गार लागते, मान टाकून पडलेले असते. अशा पिलाच्या चोचीत पाणी किंवा दूध मुळीच घालू नका. त्याला गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत जाते. ते कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळून दोन्ही तळव्यांत धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवा. चुलीजवळ एकदम धरू नका. अर्ध्या-पाऊण तासाने ते पाय मारू लागते, ओरडू लागते. ते उभे राहिले म्हणजे पाण्याची वेळ आली.

भुकेची काळजी एवढ्यात नको. अंड्यातले उरलेले बलक पिलाच्या पोटात असते आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते. म्हणूनच यंत्रातली पिले खोक्यात घालून दूर गावी पाठविता येतात. अर्थात शिदोरी आहे म्हणून दाण्याला उशीर करावा असे नाही.

ऊब कशी द्यावी?

दहा-पंधरा पिलांसाठी पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा बांबूच्या ताटीचे गोल कुंपण पुरे. गोल अशासाठी, की कोपऱ्यात पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. तळाशी धानाचे कोरडे तूस दोन इंच पसरा. ते आपल्याकडे राइस मिलवर सहज मिळते. पहिले तीन दिवस तुसावर गोणपाटाचा तुकडा अंथरा, नाहीतर पिले दाणा समजून तूस खातात. गुळगुळीत कागद अंथरू नका. त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिलू कायमचे अधू होते.

वर साठ वॅटचा बल्ब फूट-दीड फूट उंचीवर टांगा. हा बल्ब तारेचा, पिवळ्या प्रकाशाचा हवा. हल्ली घरोघरी एलईडी दिवे आहेत. त्यांचा उजेड भरपूर पडतो, पण ऊब जवळजवळ नसते. दिवा लावला होता तरी पिले गारठून मेली, असे होते ते यामुळे. बल्ब तुसापासून सुरक्षित अंतरावर, पक्का बांधलेला असावा, नाहीतर आग लागेल.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करीत जावे. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिलेच तापमान सांगतात. बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे, बल्ब वर घ्या. सगळीकडे सारखी पसरून शांतपणे झोपली असतील तर ऊब बरोबर आहे. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे चारच्या सुमारास एकदा पाहाच. पहाटेची थंडी सर्वांत घातक असते.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. शेगडी ठेवायची झाल्यास निखाऱ्यांवर राख टाकून ती कुंपणाबाहेर ठेवा आणि दार-खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत कोळशाच्या विषारी वायूने पिले मरतात, माणसेही मरतात. उलट एप्रिल-मेमध्ये दिवसा आपल्याकडची हवाच तापलेली असते. तेव्हा बल्ब फक्त रात्री, गरज पडली तरच लावा.

पाणी आणि दाणा

कबुतराचे किंवा पिंजऱ्यातल्या बजरीगरचे पिलू जन्मतः आंधळे आणि उघडे असते. त्याला दर दोन-तीन तासांनी कोमट पातळ घास चोचीत भरवावा लागतो. कोंबडीचे पिलू तसे नाही. ते डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन जन्मते आणि स्वतः टिपून खाते. त्याला भरवायचे नाही, शिकवायचे.

उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे 50 ग्रॅम गूळ विरघळवा. प्रत्येक पिलाची चोच त्यात एकदा अलगद बुडवा. ते मान वर करून गिळते, मग आपोआप पिते. गुळाचे पाणी फक्त पहिल्या दिवशी द्यावे, पुढे साधे स्वच्छ पाणी. भांडे उथळ घ्या आणि त्यात स्वच्छ गोट्या घाला, म्हणजे पिलू बुडणार नाही, भिजणारही नाही.

पाणी प्यायल्यानंतर दोन-तीन तासांनी बारीक कनकी किंवा मक्याचा भरडा पसरट ताटलीत टाका. कोंबडी चोचीने टकटक करून पिलांना दाणा दाखविते. तेच काम तुमच्या बोटाने करा. दाण्यावर बोट टेकवून टकटक केले की पिले धावत येतात आणि टिपू लागतात. एक शिकले की बाकीची त्याचे पाहून शिकतात. रात्री पिलाच्या गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहा. ती मऊ भरलेली असावी. रिकामी लागली तर ते पिलू मागे पडते आहे असे समजा.

नुसत्या कनकीवर मात्र पिले वाढत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर खाद्य द्यावे. घरी करायचे तर 10 किलोसाठी कनकी किंवा मका भरडा 5 किलो, सोयाबीन पेंड 3 किलो, कोंडा 1 किलो 400 ग्रॅम, मासळीची कुटी 300 ग्रॅम, कोंबड्यांचे खनिज मिश्रण 200 ग्रॅम आणि चुनखडीची भुकटी 100 ग्रॅम घ्या. कळीचा चुना नव्हे. यात सुमारे 20 टक्के प्रथिने येतात. कोवळा पाला बारीक चिरून थोडा रोज द्या. वारुळातली उधई पिलांना घालण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र कीटकनाशक मारलेल्या शेतातली उधई आणू नका.

इथे तीन गोष्टी सांभाळा. आपल्याकडे धानाच्या बांधीत उतेरा म्हणून जवस घेतात, त्यामुळे घरी जवसाची पेंड असते. ती गुराला चालते, पण पिलांना देऊ नका. तिच्यातील विषारी घटकामुळे पिलांची वाढ खुंटते. कच्चे सोयाबीन भरडून घालू नका, ते पचत नाही. आणि बुरशी आलेली भुईमुगाची पेंड फेकून द्या. 1960 साली इंग्लंडमध्ये अशा पेंडीच्या विषाने लाखावर टर्की पक्षी मेले होते, आणि कोवळ्या पिलांना हे विष फार लवकर बाधते.

स्वच्छता आणि लस

पिलाची विष्ठा शेपटीखाली चिकटून वाळली तर मार्ग बंद होतो आणि पिलू मरते. कोमट पाण्याच्या बोळ्याने ती भिजवून पुसा, ओढून काढू नका. पिलू लगेच कोरडे करा. तूस ओले झाले की बदला. ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते, पावसाळ्यात विशेष.

पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस द्यावी. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देवीची आणि राणीखेतची आर-टू-बी लस टोचून घ्यावी. दोन लसींमध्ये किती अंतर ठेवायचे ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लसीची कुपी शंभर पिलांची असते. म्हणून चार-पाच घरांनी एकत्र येऊन लस बर्फात ठेवून आणावी आणि सकाळी थंड वेळी द्यावी.

पिलांना हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती, ती विसरू नका. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या हाताळू नका, दवाखान्यात कळवा.

आई जे शिकवते ते

पिलू जन्मल्यावर जे हलताना पाहते त्याच्या मागे लागते. म्हणून हातावर वाढलेले पिलू तुमच्याच पायात घोटाळते. त्याला घार, मुंगूस, मांजर ओळखू येत नाही, कारण आईने इशारा देऊन लपायला शिकविलेले नसते. असे पिलू एकटे कधी वाढवू नका, निदान एकाची तरी सोबत द्या. चार आठवड्यांनंतर दुपारच्या उन्हात डालग्याखाली अंगणात ठेवा, सहा-सात आठवड्यांनंतर मोठ्या कोंबड्यांत सोडा. रात्री मात्र उंदीर शिरणार नाही अशा खुराड्यातच ठेवा.

भगिनींनो, यातले काही फार खर्चाचे नाही. खोके, तूस, बल्ब, गूळ आणि पहिले आठ-दहा दिवस तुमचे लक्ष एवढेच लागते. सगळी पिले वाचतील असे मी म्हणणार नाही, जन्मतः अधू असलेली काही जातीलच. पण यंदाच्या हिवाळ्यात टोपलीत ओले पिलू मागे राहिलेले दिसले तर “आईनेच टाकले” असे म्हणून पाठ फिरवू नका. ते उचला, तळहातावर धरा. आधी ऊब, मग पाणी, मग दाणा.