पुन्हा येणारी कावीळ



पैनगंगेच्या या काठी, आदिलाबादकडील गावांत, मराठी आणि तेलुगू जशा एकाच ओसरीवर नांदतात, तशीच काविळीची माळ आणि दवाखान्याची गोळी एकाच घरात नांदते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळे झाले, की कावीळ ‘उतरली’ म्हणावयाचे. पाणी पिवळे होते ते हातास आधी चोळलेल्या सालीच्या रसाने. परंतु रोगी बरा होतो, हेही खरे. दूषित पाण्यातून आलेली कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय माळेस मिळते.

याच समजुतीच्या आड एक निराळा विकार लपतो. त्यास ऑटोइम्यून हेपॅटायटिस म्हणतात. शरीराची रक्षकशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते. १९५० साली स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांतील अशा दीर्घ यकृतदाहाचे वर्णन केले. आजही पुरुषांपेक्षा स्त्रियांतच तो अधिक आढळतो. ही कावीळदेखील मध्येच ओसरते. घरचे निश्चिंत होतात आणि यकृत आतल्या आत निबर होत जाते.

म्हणून खुणा ओळखाव्या. न जाणारा थकवा, सांधेदुखी, अवेळी थांबलेली पाळी, लाल तळवे, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या. ‘कामाचा शीण’ म्हणून बाईच्या दुखण्याची बोळवण करण्याची आपली रीत येथे फार महाग पडते. काही रुग्णांत तर कोणतीच खूण नसते.

रक्तात यकृताची एन्झाइमे व आयजीजी नावाचे प्रथिन वाढलेले असते. स्वतःविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडतात. विषाणूंची कावीळ नाही, हेही पाहावे लागते. तरी रक्त एकटे पुरेशी साक्ष देत नाही.

मग सुईची पाळी येते. ‘बायॉप्सी’ म्हणताच लोकांस कर्करोग आठवतो. तो येथे गैरसमज आहे. रक्त नीट गोठते ना हे पाहून, जागा बधिर करून, उजव्या बरगड्यांमधून सुई घालतात व दोऱ्याएवढा तुकडा काढतात. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून नंतर काही तास निजवून ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते शेतकऱ्यास चटकन उमजेल: यकृतपेशींच्या वाफ्यांचा बांध दाहपेशींनी जागोजाग कुरतडलेला असतो. त्यांत प्लाझ्मा पेशींची गर्दी असते. यकृत किती निबर झाले, तेही तेथेच कळते.

इतका खटाटोप कशाला? कारण उपचार उलटा आहे. प्रेडनिसोलोनसारख्या औषधांनी रक्षकशक्तीस आवरावे लागते. १९७१ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील प्रयोगात या औषधाने मृत्यू पुष्कळ घटले. तेच औषध ‘बी’ विषाणूच्या रुग्णास नकळत दिले, तर विषाणू बळावू शकतो.

काढ्यांविषयीही डॉक्टरांशी लपवाछपवी नको. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली; त्याची लक्षणे या विकाराशी मिळतीजुळती होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली, हेही सांगितले पाहिजे.

येथून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. जाताना जुने सर्व कागद न्यावे. बायॉप्सी पूर्वी झाली असेल, तर तिच्या काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. दुसऱ्या तज्ज्ञास तोच तुकडा पुन्हा तपासता येतो.