जागा निघते, पण कळते कुणाला?



विज्ञानातल्या संशोधनावर बोल, असं मला सांगितलंय. मी विज्ञानावर नाही, त्याच्या दारावर बोलणार आहे.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालो तेव्हा पीएच.डी. करताना पैसे मिळतात हेच ठाऊक नव्हतं. बाप गोदीत हमाल. त्याला वाटलं, अजून पाच वर्षं फी भरायची. मलाही तेच वाटलं. दोन वर्षं एका कंपनीत नमुने तपासत बसलो. ज्यांचे मामा-काका प्रोफेसर, त्या पोरांच्या हे जेवताना कानावर पडत होतं. आमच्याकडे जेवताना कानावर पडायचं, गॅस संपला.

म्हणून लिहून घ्या. सीएसआयआर-यूजीसी नेट द्या. जेआरएफ मिळाली की 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000. घरभाडं वेगळं. ही फेलोशिप तुमच्या नावावर असते, कुणा साहेबाच्या मेहेरबानीवर नाही. नेट हुकली तर गेट. प्रयोगशाळांच्या प्रकल्पांतही जागा निघतात. पण प्रकल्प संपला की जागा संपली, हे ध्यानात ठेवा. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, पुण्याच्या बार्टीची आहे. जर्मनीत पीएच.डी. ही बहुतेक करारावरची नोकरीच असते.

गाइडला पत्र लिहाल तर शंभर जणांना एकच पत्र टाकू नका. त्याचे दोन पेपर वाचा, तुम्हाला काय करायचंय ते चार ओळींत लिहा. उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहा. लाज कसली? आणि त्याच्या हाताखालच्या पोरांना गाठून विचारा, हा माणूस कसा आहे.

बंद दारही बघून ठेवा. 2006 च्या केंद्रीय कायद्याने केंद्राच्या शिक्षणसंस्थांत प्रवेशाला आपल्याला 15 टक्के जागा दिल्या. त्याच कायद्याच्या परिशिष्टात काही संशोधन संस्था वगळल्या. आपल्या कुलाब्याची टीआयएफआर त्यात आहे. म्हणजे जिथं उत्कृष्टता, तिथं आम्ही नको! तरी अर्ज तिथंही करा. परीक्षा सर्वांना खुली आहे.

एका मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला, "गाव कुठलं तुमचं?" दुसरा, "आडनाव असंच लिहिता?" रसायनाचा प्रश्न आलाच नाही. बाहेर येऊन जिन्यावर बसलो. डोकं भणभणत होतं. पण पुढच्या महिन्यात दुसरीकडे मुलाखत दिली, आणि आत शिरलो.

बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याआधी केळुस्कर गुरुजींनी त्यांना सयाजीरावांकडे नेलं, महिना 25 रुपये सुरू झाले आणि कॉलेज सुटलं नाही, हे आपण विसरतो. बुद्धी त्यांचीच. दार कुणीतरी दाखवलं.

आपल्यातला जो आत गेला त्याने मागे दार लावून घेतलं, तर तो कितीही मोठा डॉक्टर होवो, आपल्या काय कामाचा? दर रविवारी मी इथल्या वाचनालयात बसतो. येताना मार्कशीट आणा. अर्ज तिथंच भरू.

जयभीम.