कियासू, किर्लोस्कर आणि माझं बुडालेलं दुकान

(चोआ चू कांग परिसरातल्या मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम, मला बोलायला बोलावल्याबद्दल आभार. खरं तर फोन आला तेव्हा मी विचारलं, "विषय काय?" उत्तर आलं, "धंदा सुरू करताना वाटणारी अपयशाची भीती आणि तिच्यावर मात." मी म्हटलं, अहो, मात केलेला माणूस बोलवा की! मी तर एक कंपनी बुडवून बसलेला माणूस. तर पलीकडून वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला बोलावतोय." आता यावर काय बोलणार? आलो.

सिंगापूरला आल्यावर आपण सगळे जे पहिले चार-पाच शब्द शिकतो, त्यात 'कियासू' असतोच. फुकटच्या भेटवस्तूसाठी रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग विचारायचं, रांग कशाची आहे! आपण त्याला हसतो. पण या होक्कियन शब्दाचा मूळ अर्थ आहे 'हरण्याची भीती'. म्हणजे आजचा विषय या गावाने एका शब्दात सांगून ठेवला आहे. आणि आपण मराठी माणसं या बाबतीत काही कमी नाही. आपला कियासूपणा रांगेत दिसत नाही, इतकंच. तो दिसतो 'बाबा रे, असलेली नोकरी सोडू नकोस' या वाक्यात.

आमच्या घरात हे वाक्य जरा जास्तच जोरात म्हटलं जायचं. माझ्या आजोबांचं तासगावला किराणा दुकान होतं. १९७२ च्या दुष्काळात ते बुडालं. माझे बाबा तेव्हा तेरा वर्षांचे होते. दारात येणारे व्यापारी आणि आत माजघरात बसून राहिलेले आजोबा, हे त्यांनी पाहिलं. पुढे बाबा वीज मंडळात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. धंद्याचा विषय निघाला की ते एवढंच म्हणायचे, "आपल्या घराला ते लाभत नाही." मी सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, इथे आलो, पी. आर. मिळाली, एच. डी. बी.चा फ्लॅट घेतला. पण ते वाक्य माझ्या सामानातून इथपर्यंत आलंच.

गंमत बघा, सांगलीहून पुण्याला जाताना आमची गाडी किर्लोस्करवाडीवरून जायची. चहावाल्याची वाट बघत मी ती पाटी किती वेळा वाचली असेन! पण त्या पाटीमागची गोष्ट मला फार उशिरा कळली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंगच कळेनात, यापेक्षा मोठं अपयश कोणतं? मग त्यांनी यंत्रांची ड्रॉइंग काढायला सुरुवात केली, कारण तिथे रंग लागत नाहीत! पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याला दिली गेली. नोकरी सोडून ते बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पूर्णपणे शिरले. मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर.

आणि नांगर विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, मंडळी! आपण आज ऑनलाइन काही टाकलं आणि दोन दिवसांत 'लाइक' आलं नाही तर तोंड पाडून बसतो.

बरं, त्या शेतकऱ्यालाही नावं ठेवू नका. त्यालाही अपयशाचीच भीती होती. नांगर वाईट निघाला तर लक्ष्मणरावांचा एक नांगर जाणार, पण त्याचं वर्षाचं पीक जाणार. भीती विकणाऱ्याला एकट्यालाच नसते, घेणाऱ्यालाही असते. हे मला समजलं असतं तर आज मी वेगळं भाषण केलं असतं.

नांगर खपायला लागला, तोवर बेळगावातली कारखान्याची जागा गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला हवी झाली. म्हणजे पुन्हा शून्य. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव धाडसी होतेच, पण त्यांच्या मागे कोणीतरी उभं होतं, हेही लक्षात ठेवा. 'एकट्याच्या हिमतीवर' वगैरे गोष्टी भाषणात बऱ्या वाटतात.

आता कोणी म्हणेल, हे झालं शंभर वर्षांपूर्वीचं. मग आपल्या शेजारचंच सांगतो. बुकित पांजांगच्या खेड्यात लहानाचे मोठे झालेले सिम वाँग हू. आपल्या एल. आर. टी.ने गेलात तर काही मिनिटांवर! न्गी अ‍ॅन पॉलिटेक्निकमध्ये शिकले आणि १९८१ मध्ये मित्राबरोबर क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी सुरू केली, एक छोटं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. १९८६ मध्ये त्यांनी चिनी बोलणारा, गाणारा 'क्युबिक सी. टी.' नावाचा कॉम्प्युटर काढला. तो चालला नाही. पण त्यातला आवाजाचा भाग त्यांनी सोडला नाही. तो घेऊन ते १९८८ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९८९ मध्ये आला साउंड ब्लास्टर. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, गेम सुरू करताना 'साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल' हे शब्द आपण मंत्रासारखे वाचायचो. १९९२ मध्ये क्रिएटिव्ह ही नॅस्डॅकवर नोंदवलेली सिंगापूरची पहिली कंपनी झाली. सिम २०२३ च्या जानेवारीत गेले.

त्यांनी एक फार मार्मिक निरीक्षण लिहून ठेवलंय. अमेरिकेत 'यू-टर्न घेऊ नका' अशी पाटी नसेल तर यू-टर्न घेता येतो. सिंगापुरात 'यू-टर्न घ्या' अशी पाटी असेल तरच घेता येतो. म्हणजे परवानगीची पाटी दिसेपर्यंत आपण सरळच जात राहतो. मला वाटतं, आपल्यापैकी कित्येक जण ही पाटी लागण्याची वाट बघत आहेत. पगार अमुक झाला की, मुलीची पी. एस. एल. ई. झाली की, कर्ज फिटलं की...

आता माझी गोष्ट.

२०१८ च्या जुलैमध्ये मी नोकरी सोडली. ट्यूशन सेंटरसाठी सॉफ्टवेअर करायचं ठरवलं होतं. मुलांची हजेरी, वेळापत्रक, पालकांना आपोआप निरोप. चोआ चू कांगमध्ये ट्यूशन सेंटरला काय तोटा! कंपनी रजिस्टर करायला ३१५ डॉलर लागले. बाजूला ठेवलेले ६० हजार डॉलर होते. बायकोची नोकरी चालू होती, म्हणजे आमच्या घरचे पंतप्रतिनिधी तीच!

आणि मग मी अकरा महिने घरात बसून सॉफ्टवेअर लिहीत राहिलो. दिवसाला बारा-बारा तास. बायको म्हणायची, "अरे, एखाद्या सेंटरवाल्यांना दाखव तरी." मी म्हणायचो, "अजून थोडं बाकी आहे. रिपोर्ट छान दिसत नाहीत. चिनी भाषेतले निरोप राहिलेत." मला वाटायचं, मी मेहनत करतोय. आज कळतं, मी लपून बसलो होतो. जोवर दाखवलं नाही, तोवर कोणी नाही म्हणणार नव्हतं.

२०१९ च्या जुलैमध्ये मी पहिल्या सेंटरमध्ये गेलो. चालवणाऱ्या बाई साठीच्या. त्यांनी माझं सगळं डेमो शांतपणे पाहिलं. मग टेबलावरचं निळं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "हजेरी मी यात लिहिते. दोन मिनिटं लागतात. माझी अडचण हजेरीची नाही. फी वेळेवर येत नाही, ती अडचण आहे. तुझं सॉफ्टवेअर फी गोळा करतं का?"

करत नव्हतं.

अकरा महिन्यांच्या कामाचा निकाल वीस मिनिटांत लागला. तोच प्रश्न मी पहिल्या आठवड्यात, एक ओळही न लिहिता, विचारू शकलो असतो. पण तो विचारायला मला भीती वाटत होती! मंडळी, मला अपयशाच्या भीतीने काम करण्यापासून रोखलं नाही. उलट तिने मला भरपूर कामाला लावलं, पण नको त्या कामाला.

डिसेंबरपर्यंत सात सेंटर मिळाली, प्रत्येकी ४५ डॉलर महिना. म्हणजे महिन्याची कमाई ३१५ डॉलर. कंपनी रजिस्टर करायला लागले, बरोबर तेवढेच! सर्व्हर, मदतनीस, घरचा माझा वाटा, सगळं धरून २०२० च्या फेब्रुवारीत पैसे संपले. एप्रिलच्या ७ तारखेला सर्किट ब्रेकर सुरू झाला, तोवर सेंटरं बंद झालीच होती. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. कारण मला कारण मिळालं होतं! "काय रे, कंपनीचं काय झालं?" "काय सांगू, कोविड!" सगळे हळहळायचे. वर्षाच्या शेवटी देणी फेडून कंपनी रीतसर बंद केली. इथल्या कित्येकांना मी हेच सांगितलं आहे. आज सगळ्यांसमोर सांगतो, माझी कंपनी कोविडने नाही बुडवली. ती दोन महिने आधीच बुडाली होती.

हे मी सगळ्यात आधी बाबांना सांगितलं. दोन वर्षांनी, सांगलीला, रात्री गच्चीवर. मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य येणार. पण बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, आजोबांचं दुकान काय दुष्काळाने बुडालं असं वाटतं तुला? उधारीच्या वहीने बुडालं. दुष्काळाच्या आधी वर्षभर त्यांनी ती वही उघडून बेरीज केली नव्हती. भीती वाटायची त्यांना. आम्ही सगळ्यांना दुष्काळ सांगितला."

पन्नास वर्षं आमच्या घरात 'धंदा लाभत नाही' म्हणत होते. लाभत नव्हती ती बेरीज टाळण्याची सवय.

तेव्हा, मला जे कळलं ते थोडक्यात सांगतो. उपदेश नाही, अनुभवाचे बोल समजा.

एक, भीती कागदावर आकड्यांत लिहा. 'बुडालो तर?' हा प्रश्न रात्री दोन वाजता डोंगराएवढा असतो. 'बुडालो तर ६० हजार डॉलर आणि दीड वर्ष जाईल, घर जाणार नाही' हे वाक्य सकाळी चहाबरोबर वाचता येतं. मात्र प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बँकेच्या कर्जाला तुम्ही स्वतः हमी दिलीत, तर कंपनीची भिंत तेवढ्यापुरती पडली असं समजा.

दोन, गिऱ्हाइकाचा नकार लवकरात लवकर ऐका. वस्तू बनवण्याआधी दहा जणांना भेटा. विकायला नका जाऊ, फक्त विचारा, तुमची अडचण काय? पहिल्या आठवड्यातला नकार फुकट असतो, अकराव्या महिन्यातला फार महाग पडतो.

तीन, थांबायची तारीख आणि रक्कम आधीच ठरवा, आणि ती घरच्यांना सांगा. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. आपल्या चोआ चू कांगचंच बघा. 'कांग' म्हणजे नदी. नदीकाठी मिरी आणि गंबिअरचे मळे लावणाऱ्या तेओच्यू लोकांची ही वस्ती. गंबिअर म्हणजे आपल्या पानातल्या काताचा चुलतभाऊ. हे पीक जमिनीचा कस खाऊन टाकतं. जमीन थकली, जळण संपलं की मळेवाले उठून पुढच्या जमिनीकडे, पलीकडे जोहोरला जायचे. कस गेलेल्या जमिनीला कवटाळून बसले नाहीत.

चार, नियम आधी वाचा. एम्प्लॉयमेंट पासवर नोकरी करताना बाजूला आपला धंदा चालवता येत नाही. पास बदलायचा की पी. आर.ची वाट बघायची, हे आधी मॅनपॉवर मंत्रालयाच्या नियमांत तपासा. कुटुंबाच्या पासशी खेळण्यात धाडस नाही.

आणि पाच, बुडालंच तर खरं कारण सांगा. निदान एका माणसाला तरी. खोट्या कारणातून काही शिकता येत नाही.

आज मी कन्सल्टंट आहे, म्हणजे एका माणसाची कंपनी! मागच्या वर्षी शनिवार-रविवारच्या वेळात ट्यूशन सेंटरची फी वेळेवर गोळा करायचं एक लहानसं सॉफ्टवेअर केलं. आठ हजार डॉलरच्या वर खर्च करायचा नाही, असं लिहून फ्रिजवर चिकटवलंय. आज एकोणीस सेंटर आहेत. चालेल की नाही, माहीत नाही. भीती गेली का? नाही हो! पण आता दर महिन्याच्या एक तारखेला मी आणि बायको बसून बेरीज करतो. आकडा चांगला असो की वाईट, वही उघडतो.

आणि त्या साठीच्या बाई? त्यांनी फीचं सॉफ्टवेअर घेतलं. हजेरी मात्र अजून निळ्या रजिस्टरमध्येच लिहितात. दोन मिनिटं लागतात म्हणे!

इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या मनात काही असेल, डबे, शिकवण्या, सॉफ्टवेअर, काहीही, तर खाली वॉइड डेकवर चहाला भेटा. सल्ला देणार नाही. फक्त विचारेन, दहा जणांना भेटलात का?